अटीत बसलेले पाहुणे

बद्रीनाथच्या सिडकोतल्या घराचा शेवटचा रंगाचा हात वाळला, त्या दिवशी घरात दोन गोष्टी ठरल्या. एक, वास्तुशांत माघात करायची. दुसरी, कुणाला बोलवायचं याचा निवाडा कंप्युटर करणार. पहिली गोष्ट गुरुजींनी ठरवली. दुसरी बद्रीनाथनं एकट्यानं, न्हाणीच्या दारात उभं राहून, खांद्यावर टॉवेल टाकून जाहीर केली. मोठमोठ्या घोषणा माणसाच्या हातून अशाच अर्धवट कपड्यांत होतात.

त्याला कारण झाली त्याची आई आवडाबाई आणि बायको गीताबाई. दोघी निवडायच्या ज्वारीपुढं बसून पाहुणे मोजत होत्या. बोटं संपली की ज्वारीचे दाणे मांडायच्या, आणि कोंबडी येऊन दोन पाहुणे टिपून न्यायची.

"हे बंद करा," बद्रीनाथ म्हणाला. "गावचे भाऊबंद तुम्ही बघा. कंपनीतल्या माणसांचं मी बघतो. मशीनमध्ये समद्यांची नावं हायत. आपण अट घालायची. अटीत बसतात तेवढीच नावं बाहेर येतात."

"चाळणीवानी?" आवडाबाईनं विचारलं.

"चाळणीवानीच. पण इंग्रजीत."

"मंग चाळणीच्या वर ऱ्हाईल ते आपलं, का खाली पडंल ते?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याइतकं पाणी बादलीत गरम राहिलं नव्हतं, म्हणून बद्रीनाथ आंघोळीला गेला. पुढं जे काही झालं ते या एका प्रश्नाला बगल दिल्यानं झालं, असं गीताबाई अजून म्हणते.

बद्रीनाथ वाळूजच्या एका कंपनीत टाइम ऑफिसात होता. मेंढरांमागं रान तुडवलेल्या घराण्यातला हा पहिला खुर्चीवरचा माणूस. आजा मेंढरं वाघराच्या जाळीत मोजून घ्यायचा, नातू माणसं गेटातून मोजून घ्यायचा, एवढाच काय तो घराण्याचा प्रवास. वाळूजला तेव्हा पाऊस पडल्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा कंपन्या उगवत होत्या, आणि त्यांत कंप्युटर येत होते. मॅनेजरसाहेबांनी बद्रीनाथला निराला बाजारातल्या एका क्लासला धाडलं. तिथून तो एक प्रमाणपत्र, एक जाड पुस्तक आणि बोलताना चष्मा काढून पुसण्याची लकब घेऊन आला. चष्म्याचा नंबर अगदीच किरकोळ होता, पण लकब फार वजनदार होती.

आता आवतन म्हणजे काय चीज आहे हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. फुलंब्रीकडं आवतनाच्या दोन तऱ्हा. एक घरटी एक माणूस, म्हणजे घरातल्या एकानं यायचं, जेवायचं, तोंड पुसायचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हटलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही. म्हातारं, पोर, माहेरपणाला आलेली लेक, सगळ्यांनी यायचं. हे आवतन देणं म्हणजे आपल्या जात्याचं दळण दुसऱ्याच्या सुपात ओतणं. आणि एकदा दिलेलं चूलबंद आवतन परत घेतलं, असं आवडाबाईच्या उभ्या हयातीत झालेलं नव्हतं. तसं करण्यापेक्षा लोक गाव सोडत.

बद्रीनाथचं आवतन अर्थातच चूलबंद होतं. आयुष्यात एकदाच घर बांधायचं तर पळीपळीनं काय वाढायचं!

बोलवायचं कुणाला हे त्याच्या मनात लख्ख होतं. पहिल्या शिफ्टची माणसं, कारण तो स्वतः पहिल्या शिफ्टचा. त्यातही सिडकोत राहणारी आणि फुलंब्रीहून येणारी, कारण सिडको म्हणजे शेजार आणि फुलंब्री म्हणजे माती. आणि या सगळ्यांतून एक माणूस वगळायचा. रामकिसन.

रामकिसन पेंट शॉपला होता. पहिली शिफ्ट, राहायला सिडकोतच, दोन गल्ल्या पलीकडं. आठ वर्षं दोघं कंपनीच्या बसमध्ये एका बाकावर बसले, एका डब्यात जेवले. चंपाबाईच्या, म्हणजे रामकिसनच्या बायकोच्या हातची शेंगदाण्याची चटणी बद्रीनाथ परस्पर संपवायचा आणि रामकिसन कोरडी भाकरी चावत त्याला शिव्या द्यायचा. अशी ती गोडी. ती दिवाळीच्या आधी कँटीनमध्ये नासली. विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला आणि बद्रीनाथ चष्मा पुसत म्हणाला, "नाव बदलून काय व्हतंय? आत शिकवणार तेच ना?"

रामकिसन त्या नावासाठी पोरवयात मोर्च्यात चालला होता, तुरुंगाची भाकरी खाऊन आला होता. त्याच्या मामाच्या गावात त्या पायी घरं जळाली होती. तो ओरडला नाही. म्हणाला, "नावानं काय व्हत नसंल तर तुझ्या नव्या घराला माझं नाव लाव, बद्री."

यावर बद्रीनाथ पुन्हा चष्मा पुसू लागला. त्याच आठवड्यात त्यानं घराची संगमरवरी पाटी कारागिराला परत केली होती, आपलं नाव बारीक आलं म्हणून.

पुढं संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. शहरभर निळ्या पताका, गुलाल, तिळगूळ. रामकिसननं बसमध्ये पेढे वाटले. खोकं एकेक बाक पुढं सरकत बद्रीनाथपाशी आलं. बद्रीनाथनं झोपेचं सोंग घेतलं, ते इतकं हुबेहूब की तो घोरलासुद्धा. खोकं क्षणभर थांबलं आणि पुढं गेलं. वास्तविक रामकिसननं एकदा हलवून विचारलं असतं तर बद्रीनाथ जागा होणार होता. पण त्यानं हलवलं नाही, आणि हा अपमान बद्रीनाथच्या फार जिव्हारी लागला. माणसाला न उठवणं हे कुठल्या दोस्तीत बसतं?

तर रामकिसन नको. तशी अट घालायची.

जेवणाच्या सुट्टीत बद्रीनाथ मशीनपुढं बसला. आधी त्यानं साधंच लिहून पाहिलं: पहिली शिफ्ट, अँड सिडको, अँड फुलंब्री. मशीननं घुर्र केलं आणि एकही नाव दिलं नाही. बद्रीनाथला वाटलं वीज कमी पडली. मग पुस्तक उघडल्यावर कळलं की मशीनला दोन्ही अटी एकाच माणसात लागतात, आणि रोज रात्री सिडकोतही झोपतो आणि फुलंब्रीतही झोपतो असा माणूस कंपनीत नव्हता. निदान कागदोपत्री तरी नव्हता. मग त्यानं दुसऱ्या अँडच्या जागी ऑर घातलं, म्हणजे 'किंवा'. सिडको किंवा फुलंब्री. कुठलंही एक असलं तरी चालेल. शेवटी वगळायची अट जोडली. सगळी ओळ अशी झाली: पहिली शिफ्ट अँड सिडको ऑर फुलंब्री अँड नॉट रामकिसन.

वाचायला किती सुरेख! मराठीत म्हणून बघितलं तरी कुठं अडकत नव्हतं. पुस्तकात पुढच्याच पानावर कंसांचा धडा होता, पण सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. बद्रीनाथनं बटण दाबलं. प्रिंटर करकरत चालू झाला आणि नावानिशी चिठ्ठ्या बाहेर पडू लागल्या, 'घरच्या सर्वांसह, चूलबंद' अशा. गठ्ठा जरा जाड वाटला. पण मशीननं केलेलं काम तपासणं म्हणजे सुनेनं केलेला स्वयंपाक चाखून पाहून मग पाहुण्यांना वाढणं. खानदानी माणूस तसं करत नाही. त्यानं गठ्ठा तसाच गेटवरच्या जमादार कडुबाकडं दिला. कडुबानं प्रत्येकाच्या हजेरी कार्डाच्या खणात एकेक चिठ्ठी खोचली. काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी गेटवर एक अनोळखी, दाढी वाढलेला माणूस बद्रीनाथचे दोन्ही हात धरून उभा राहिला.

"साहेब, मी मुंजाबा. तिसऱ्या शिफ्टला असतो. तुमी आमाला वळकत बी नाय, तरी चूलबंद आवतन! आमची म्हातारी तर रडायलीच. म्हणली, मी येणार."

"या की," बद्रीनाथ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मुंजाबाच्या मागं दुसऱ्या शिफ्टचे चार जण उभे होते. त्यांच्या मागं रजेवरचा एक जण मुद्दाम आभार मानायला आला होता. सगळे फुलंब्रीचे. बसमध्ये चढताना ड्रायव्हर म्हणाला, "बद्रीनाथराव, त्या दिवशी फुलंब्रीची गाडी थेट तुमच्या दारात लावतो. समदे तिथंच उतरायचेत म्हणं." बद्रीनाथच्या डोळ्यांपुढं हळूहळू आख्खी फुलंब्री बसमधून उतरू लागली.

शेजारी अप्पाराव, तहसीलमधले निवृत्त पेशकार. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही. ते कुंपणावरून आपोआप येतात.

"शुद्धिपत्रक काढा," अप्पाराव म्हणाले. "'सदर आवतन नजरचुकीने निर्गमित झाले असून ते रद्द समजावे.' खाली सही. शिक्का माझ्याकडं जुना एक आहे."

"जेवणाला बोलवून शिक्का मारून हाकलायचं?" आतून आवडाबाईचा आवाज आला. "मंग मला आधी रानात नेऊन सोडा."

"बरं, ते राहू द्या," अप्पाराव म्हणाले. " पाण्याचं काय? एवढ्या लोकांना पाणी कुठलं? सिडकोच्या हापिसात टँकरचा अर्ज टाका. आजच्या आज."

सल्ल्याचा हा भाग खरा होता. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. बद्रीनाथ हापिसात गेला. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "लग्न का मयत?"

"वास्तुशांत."

"त्यात बसत नाही. टँकर लग्न किंवा मयत असेल तरच. आणि नळपट्टी भरलेली पाहिजे."

बद्रीनाथ परत फिरणार, तोच त्याच्या डोक्यात काहीतरी टचकन मोडलं. तो वळला.

"म्हणजे नळपट्टी फक्त मयतवाल्यांनी भरायची?"

"असं कोण म्हणालं? दोघांनी."

"पण तुम्ही म्हणाला, लग्न किंवा मयत आणि नळपट्टी. नळपट्टी मयताच्या शेजारी बसलीय. मग लग्नवाला बिननळपट्टीचा सुटंल की!"

"अहो, लग्न किंवा मयत हे आधी एका गाठोड्यात बांधायचं," कारकून ओरडला. "मग त्या गाठोड्याला नळपट्टी! एवढं बारक्या पोराला कळतं! पुढचा या!"

बद्रीनाथ पुढच्याला वाट द्यायला विसरला. खिडकीला धरून तसाच उभा राहिला. गाठोडं! त्यानं सिडको आणि फुलंब्री एका गाठोड्यात बांधलीच नव्हती. तेच ते कंस, पुढच्या पानावरचे. मशीनला कारकुनासारखं समजून घेता येत नव्हतं. ते आधी 'अँड'च्या जोड्या लावून मोकळं झालं. पहिली शिफ्ट आणि सिडको, ही एक जोडी. फुलंब्री आणि रामकिसन नव्हे, ही दुसरी जोडी. मग या जोडीतला असो किंवा त्या जोडीतला, दोन्ही चालतील. म्हणून शिफ्टची अट सिडकोपाशीच थांबली आणि फुलंब्रीचे सगळे, दिवसाचे, रात्रीचे, रजेवरचे, सरळ आत आले.

आणि रामकिसन नको ही अट? ती फुलंब्रीच्या जोडीला लागली, जिथं रामकिसन मुळी राहतच नव्हता. सिडकोच्या दारातून तो कुणी न अडवता आत आला होता. घरच्या सर्वांसह. चूलबंद.

बद्रीनाथला एकाच वेळी फार मोठं ज्ञान झालं आणि फार मोठा घामही फुटला.

घरी आल्यावर त्यानं सगळं गीताबाईला समजावून सांगितलं. तीन वाट्या घेतल्या, गाठोडी म्हणून दोन रुमाल बांधले. गीताबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे रामकिसनभावजींना तुम्ही वगळायला निघाला होता," ती म्हणाली. तिनं तेवढंच ऐकलं होतं.

"ते मुद्द्याचं नाही."

"मग मुद्द्याचं काय? वाट्या?"

तिनं वाट्या उचलल्या आणि त्यात वरण वाढलं. रात्रभर ती त्याच्याशी नॉट होती.

टँकरसाठी अप्पारावांनी शेवटची तोड सुचवली. अर्जात 'मयत' लिहायचं आणि वयस्कर म्हणून आवडाबाईंचं नाव टाकायचं. आवडाबाई म्हणाली, "टाक की. पर मी पयल्या पंगतीला जेवनार, हे बी अर्जात लिही." तो अर्ज बद्रीनाथनं फाडला. शेवटी गल्लीतल्या तीन घरांनी आपापल्या टाक्या मोकळ्या केल्या आणि भिंतींवरून एक लांब रबरी नळी फिरली. तिला मध्ये दोन भोकं होती, त्यामुळं अप्पारावांच्या अंगणातला मोगरा त्या माघात फुकट न्हाला.

भांडीवाले हमीदभाई देगच्या उतरवताना म्हणाले, "साब, सच्ची बोलो, कित्ते लोगां आ रै?"

"माहीत नाही."

"कंप्युटर में देखे नै क्या?"

बद्रीनाथनं चष्मा पुसला.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी मांडवात उजेड कोवळा, जात्यातून नुकत्याच निघालेल्या पिठासारखा. गुरुजींचा होम आटोपतो तोवर फुलंब्रीची बस दारात लागली. त्यातून माणसं उतरली, आणि उतरतच राहिली. हातात वाल, वांगी, मुळ्याच्या जुड्या, एकानं तर कोंबडा आणला होता. तो गुरुजींच्या नजरेआड करावा लागला. मुंजाबाची म्हातारी आवडाबाईच्या गळ्यात पडली. दोघी एका शिवारातल्या निघाल्या. मग दोघींनी मिळून मांडवाच्या कोपऱ्यात जी ओवी धरली ती ऐकून गाडीतल्या बाकीच्या बायकाही तिकडंच सरकल्या, आणि वाढायला बाई उरेना.

पहिली पंगत जेवली. दुसरी जेवली. तिसऱ्या पंगतीला आचारी कचरू बद्रीनाथच्या कानाशी लागला. "मालक, बुंदी संपली. भात खरवडायला आलाय. वरणात मी दोनदा पाणी घातलंय, तिसऱ्यांदा घातलं तर लोक हात धुतील त्यात."

आणि नेमका तेव्हाच दारातून रामकिसन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागं चंपाबाई, दोघी लेकी, आणि थोरलीच्या कडेवर शेंडेफळ. अख्खं घर. चूल बंद करून.

बद्रीनाथ गच्चीवर पळाला. यजमानाला गच्चीवर बरीच कामं असतात. टाकीमागं उभं राहणं हे त्यांतलंच एक.

खाली पंगतीत कुजबूज सुरू झाली होती. लोक काही आंधळे नव्हते. कचरूचा चेहरा त्यांनी पाहिला होता. फुलंब्रीची माणसं भल्या घरची. 'आमाला भूक नाय', 'गाडी चुकंल', असं म्हणत एकेक जण पत्रावळीवरून उठायला लागला. चूलबंद बोलावलेली माणसं उपाशी उठत होती. बद्रीनाथला ते वरून दिसत होतं, आणि नव्या घराच्या भिंती आपल्याला बघून हसतायत असं वाटत होतं. भोंग्यावर सनई मोठ्यानं वाजत होती, म्हणून निदान ते हसणं ऐकू येत नव्हतं.

"काय रं, मालक टाकीमागं?"

रामकिसन जिना चढून आला होता.

"पाणी बघत होतो," बद्रीनाथ म्हणाला.

"चिठ्ठी भेटली." रामकिसन कठड्याला टेकला. "मी येनार नव्हतो. चंपा म्हणली, त्यानं आपणहून हात पुढं केला तर तुमी मुठी वळू नका. मंग आलो."

बद्रीनाथपुढं सोपी वाट होती. मान हलवायची. हो, मीच बोलावलं, आठवण आली, सगळं विसरून जा. खोटं अगदी तयार होतं, गरम होतं. पण या माणसापुढं त्यानं आठ वर्षं डबा उघडला होता. झाकण लावून बोलायची सवय त्याच्यापाशी नव्हती.

"मी नाय बोलावलं," तो म्हणाला. "तुला वगळायची अट घातली व्हती. ती चुकली. तू चुकून आलास."

रामकिसननं खाली मांडवात पाहिलं. तिथं कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"म्हणजे मी नको व्हतो."

"व्हय."

"मशीनला तसं लिहून दिलंस?"

"व्हय. त्यानं ते फुलंब्रीवाल्यांना लावलं."

रामकिसनच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यानं तो परत जागेवर आणून ठेवला. "आन् आता? मशीन बाजूला ठिव. तोंडानं सांग. जाऊ का?"

बद्रीनाथनं तोंड उघडलं. जे निघालं ते इतकं बारीक होतं की सनईनं ते गिळून टाकलं.

"ऐकू नाय आलं."

बद्रीनाथ पुन्हा बोलला.

"भोंगा लई मोठा हाय बग. जोरात."

बद्रीनाथचं डोकं फिरलं. त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला, छाती भरून घेतली आणि सगळा जीव घशात आणून ओरडला. आणि नेमकी त्याच क्षणाला खाली भोंगेवाल्यानं कॅसेट बदलायला सनई बंद केली.

"माझं चुकलं! त्या नावाचं मी बोलायला नको व्हतं! आता जेवल्याबिगर इथनं जायचं नाय, सांगून ठिवतो!"

अख्खी गल्ली वर बघू लागली. कोणतं नाव, कोण चुकलं, हे कुणालाच कळलं नाही. पण शेवटचं वाक्य सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. यजमान गच्चीवर चढून एवढ्या कळवळ्यानं आग्रह करतोय, असा आग्रह बापजन्मात कुणी केला नव्हता. मुंजाबानं पायातली चप्पल परत काढली. उठलेले बसले. बसमध्ये जाऊन बसलेले उतरले. दारात नुसते बघायला उभे असलेले दोघं-तिघं, ज्यांना कुठल्याच अटीनं बोलावलं नव्हतं, तेसुद्धा पंगतीच्या टोकाला टेकले.

कचरू आचाऱ्यानं झारा टाकला आणि कपाळाला हात लावला.

रामकिसन हसायला लागला. टाकीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या वर केल्या. "चल. बेसन आन कुठनं तरी. पिठलं टाकू. तुझ्या फुलंब्रीवाल्यांना आता ब्रह्मदेव बी उठवू शकत नाय."

बेसन अप्पारावांच्या घरून आलं, पलीकडच्या गल्लीतून आलं, चंपाबाईनं लेकीला धाडून आपल्या घरचा डबा आणवला. ओवी गाणाऱ्या बायका परातीवर बसल्या आणि भाकरी थापण्याचा आवाज मांडवभर उठला. हमीदभाईंनी सगळ्यात मोठी कढई स्वतः चुलीवर चढवली. धुरात डोळे चोळत रामकिसन पिठलं घोटत होता आणि बद्रीनाथ तिखट ओतत होता.

"अजून टाक रं!"

"तुला कळतंय व्हय?"

"आठ वर्षं तुझ्या घरची मिळमिळीत भाजी खाल्लीय मी."

आवडाबाई दुसऱ्यांदा जेवायला बसली होती. तिनं धुरातून डोळे बारीक करून पाहिलं. "कोन रं त्यो? रामकिसन का? इतके दिस कुठं व्हता मुडद्या?"

"अटीत बसत नव्हतो, आवडामाय."

"आता माझ्यापाशी बस," म्हातारी म्हणाली, आणि आपल्या शेजारी एक पत्रावळ टाकून तिच्यावर पाणी शिंपडलं.